फोटोशॉपची डावीकडची पट्टी कुठून आली?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा ज्यांचे इअरबड्स मेट्रोत हरवलेत, त्यांच्यासाठी या भागाचा हा लिखित अवतार. बोलताना शंभर वेळा आलेलं ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ काढून टाकलंय. बाकी जे बोलले तेच आहे.

आजचा प्रश्न साधा आहे. फोटोशॉप उघडलं की डाव्या बाजूला चित्रांची एक उभी पट्टी दिसते. त्यात एक लॉलिपॉपसारखं काहीतरी आहे. एक चिमटीसारखा वळलेला हात आहे. एक रबरी शिक्का आहे, एक दोरीचा फास आहे, एकमेकांत अडकलेले दोन काटकोन आहेत. फोटो एडिट करायच्या प्रोग्रॅममध्ये हे सामान कुणी आणून ठेवलं? तुम्ही फोनवर स्नॅपसीड किंवा लाइटरूम वापरत असाल तरी सुटका नाही. क्रॉप, मास्क, कर्व्ह्ज हे शब्द तिथेही आहेतच.

मी मरोळला राहते आणि सॉफ्टवेअरमध्ये काम करते. स्क्रीनवर कुठलं बटण कुठे बसेल यावर आमच्याकडे तासन्‌तास मीटिंगा होतात. त्यामुळे मला एक गोष्ट पक्की माहिती आहे. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये एखादं बटण विचित्र जागी दिसलं, तर त्यामागे बहुतेक वेळा वेडेपणा नसतो, इतिहास असतो.

हा विषय घ्यायचं कारण आमच्या गल्लीजवळचं फ्लेक्सचं दुकान. तिथे फोटोशॉपवर बसणारा मुलगा अफाट स्पीडने काम करतो. उजवा हात माउसवर, डावा कीबोर्डवर, नजर स्क्रीनवर. एकदा त्याला विचारलं, “हे लॉलिपॉप कशाचं रे?” तो म्हणाला, “ताई, ते माहिती नाही. ते दाबलं की चेहरा उजळतो.” कामापुरतं हे उत्तर शंभर टक्के बरोबर आहे. पण नवीन शिकायला आलेली मुलं त्याच पट्टीकडे बघून घाबरतात आणि म्हणतात, “हे आपल्या डोक्यात जाणार नाही.” त्यांच्यासाठी हा भाग आहे. कारण ती पट्टी कठीण वाटते याचा तुमच्या डोक्याशी काहीही संबंध नाही. ती दुसऱ्याच एका धंद्याची अवजारांची पेटी आहे, आणि तो धंदा तुमच्या जन्माआधीच बंद पडायला लागला होता.

लॉलिपॉप आणि वळलेला हात

डार्करूममध्ये फोटो छापायचा म्हणजे काय करायचे? एन्लार्जर नावाचं यंत्र असायचं. वर दिवा, मध्ये निगेटिव्ह, खाली फोटोचा कागद. निगेटिव्हमधून प्रकाश खाली पडायचा. कागदाच्या ज्या भागावर जास्त प्रकाश, तो भाग काळा. जिथे कमी प्रकाश, तो भाग उजळ.

आता समजा नवरीचा चेहरा काळपट येतोय. मग तारेच्या टोकाला पुठ्ठ्याची गोल चकती लावायची आणि प्रकाश चालू असताना चेहऱ्यावर काही सेकंद तिची सावली धरायची. हात सतत हलता ठेवायचा, नाहीतर चकतीची कडा उमटते. तेवढ्या भागात प्रकाश कमी पडला, चेहरा उजळला. याला म्हणायचे डॉज. तुमचं लॉलिपॉप म्हणजे तारेवरची ती चकती.

उलटं करायचं असेल, म्हणजे पांढरंफटक आलेलं आकाश जरा गडद हवं असेल, तर दोन्ही हातांनी किंवा एका मुठीतून भोक तयार करायचं आणि तेवढ्याच भागावर जास्त वेळ प्रकाश सोडायचा. हे बर्न. म्हणून आयकॉनमध्ये वळलेला हात.

क्रॉपचे दोन काटकोनही खरेखुरे होते. वर्तमानपत्रांच्या ऑफिसात एल आकाराचे पुठ्ठ्याचे दोन तुकडे असायचे. ते फोटोवर पुढेमागे सरकवून किती भाग छापायचा ते ठरवायचे.

आणि ‘अनशार्प मास्क’? फोटो शार्प करणाऱ्या फिल्टरचं नाव ‘अनशार्प’ का, हा प्रश्न सगळ्यांना पडतो. जुन्या पद्धतीत निगेटिव्हची मुद्दाम धूसर केलेली एक पॉझिटिव्ह कॉपी बनवायचे आणि ती मूळ निगेटिव्हला चिकटवून छापायचे. धूसर कॉपीमुळे मोठ्या भागांमधला गडद-उजळ फरक दबायचा आणि कडा उठून दिसायच्या. मास्क धूसर, रिझल्ट शार्प. फिल्टरच्या आत चालणारं गणितसुद्धा तसंच आहे: आधी इमेज ब्लर करायची, मग मूळ इमेजमधून ती वजा करून फरक वाढवायचा.

हा धंदा आपल्याकडचाही आहे

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं युरोप-अमेरिकेतलं, आपला काय संबंध? संबंध बराच जुना आहे.

फोटोग्राफीची घोषणा पॅरिसला झाली १८३९ मध्ये. त्यानंतर पंधराच वर्षांनी, १८५४ मध्ये, बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी सुरू झाली. तिच्या सुरुवातीच्या भारतीय सभासदांमध्ये डॉ. भाऊ दाजी लाड होते. हो, तेच, ज्यांच्या नावाचं म्युझियम भायखळ्याच्या राणीच्या बागेत आहे. त्यांचे धाकटे भाऊ डॉ. नारायण दाजी हे तर स्वतः फोटोग्राफर. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्गही सुरू झाला. म्हणजे मुंबईत फोटोचे ‘क्लासेस’ निघून पावणेदोनशे वर्षं होत आली.

त्या काळच्या काचेच्या निगेटिव्हला एक विचित्र खोड होती. तिच्यावरचं रसायन निळ्या रंगाला फार जास्त प्रतिसाद द्यायचं. त्यामुळे जमीन नीट यायची आणि आकाश कोरं पांढरं. ढग गायब! यावर उपाय काय, तर ढगांची वेगळी निगेटिव्ह ठेवायची आणि एकाच कागदावर खाली पहिली, वर दुसरी अशी छापायची. गुस्ताव ल ग्रे या फ्रेंच फोटोग्राफरची समुद्राची चित्रं १८५० च्या दशकात याच युक्तीने गाजली. फोटोशॉपमध्ये ‘स्काय रिप्लेसमेंट’ २०२० मध्ये आलं आणि लोक म्हणाले, आता फोटोवर विश्वास कसा ठेवायचा? मंडळी, आकाश बदलायचा उद्योग फोटोग्राफीइतकाच म्हातारा आहे.

दगडावरचे रंग

डार्करूम ही एक पेटी. दुसरी पेटी छापखान्यातून आली.

राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये गिरगावात छापखाना काढला. पुढे मुंबईत प्लेग आला आणि १८९९ मध्ये प्रेस लोणावळ्याजवळ मळवलीला हलली. तुमच्या पणजीच्या देवघरात लक्ष्मी-सरस्वतीचं जे रंगीत चित्र असेल, ते याच घराण्यातलं असण्याची शक्यता भरपूर. ती चित्रं दगडावरून छापली जायची, आणि एका रंगाला एक दगड. पिवळ्याचा वेगळा, लालचा वेगळा, निळ्याचा वेगळा, शिवाय मधल्या छटांचे आणखी. तोच कागद एकेका दगडावरून फिरायचा. एखादा दगड केसभर सरकला तरी लक्ष्मीच्या ओठांचा रंग गालावर.

आता फोटोशॉपचं चॅनेल्स पॅनेल उघडा. एकच फोटो, पण लाल, हिरवा, निळा असे वेगवेगळे पत्रे, आणि प्रत्येक पत्रा सुटा बघितला तर नुसता काळा-पांढरा. सीएमवायके मोड लावला तर निळसर, गुलाबी, पिवळा आणि काळा असे चार. हे तेच दगड आहेत. फ्लेक्स आणि ऑफसेटवाली माणसं चॅनेल्स चटकन समजतात, कारण त्यांच्यासाठी ती चार रंगांची प्लेटच असते.

आणि या छापखान्याशी जोडलेला एक माणूस तुम्हाला चांगलाच माहिती आहे: दादासाहेब फाळके. जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, मग बडोद्याचं कलाभवन, फोटोग्राफी, काही काळ पुरातत्त्व खात्यात नोकरी, रविवर्मा प्रेससाठी फोटो-लिथोचं काम, मग स्वतःचा छपाईचा धंदा, आणि त्यातलं बारीक तंत्र शिकायला १९०९ मध्ये थेट जर्मनी. १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ यानंतरचा. ‘लंकादहन’मध्ये त्यांनी अण्णा साळुंखे या एकाच नटाला राम आणि सीता अशा दोन्ही भूमिकांत दाखवलं. ज्या माणसाने वर्षानुवर्षं एकावर एक रंग चढवून चित्र तयार केलं, त्याला ‘पडद्यावरचं चित्र तुकड्यातुकड्यांनी बनवता येतं’ हे वेगळं शिकवायची गरज नव्हती.

छापखान्यातून आणखी एक वस्तू आली. फोटोशॉपमध्ये क्यू दाबा. क्विक मास्क लागतो आणि फोटोच्या काही भागावर पारदर्शक लाल रंग पसरतो. लालच का? छपाईच्या कामात रुबीलिथ नावाची लाल फिल्म असायची. नको असलेला भाग झाकायला ती ब्लेडने कापायची. छपाईच्या कॅमेऱ्यातल्या फिल्मला लाल रंग ‘दिसत’ नाही, त्यामुळे लाल भाग तिच्यासाठी ठार काळा. कारागिराला मात्र लालमधून खालचं चित्र दिसत राहायचं. आज ब्लेड नाही, फिल्म नाही, लाल रंग शिल्लक आहे.

दोन भाऊ आणि एक काळा-पांढरा स्क्रीन

आता येऊया सॉफ्टवेअरकडे. १९८७ मध्ये टॉमस नोल हा मिशिगन विद्यापीठात पीएचडी करत होता. त्याच्याकडचा मॅकिंटॉश प्लस फक्त काळं आणि पांढरं दाखवायचा, मधल्या करड्या छटा नाहीत. त्या दिसाव्यात म्हणून त्याने एक छोटा प्रोग्रॅम लिहिला, नाव ‘डिस्प्ले’. भाऊ जॉन नोल सिनेमांच्या स्पेशल इफेक्ट्सचं काम करायचा, इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिकमध्ये. त्याने ते बघितलं आणि एकेक मागणी सुरू केली. या दोघांच्या वडिलांची घराच्या तळघरात स्वतःची डार्करूम होती, टॉमस तिथेच शिकला होता. म्हणजे लॉलिपॉप कुठून आलं ते कळलं ना?

फोटोशॉप १.० बाजारात आलं १९ फेब्रुवारी १९९० रोजी, फक्त मॅकसाठी. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या कॉम्प्युटर हिस्ट्री म्युझियमने त्याचा सोर्स कोड सगळ्यांना बघायला खुला केला: साधारण १ लाख २८ हजार ओळी, बहुतांश पास्कल भाषेत. इंजिनिअर मंडळींनी जरूर बघावा, कमेंट्स फार नाहीत पण कोड स्वच्छ आहे.

पट्टीची रचना मात्र आणखी मागची. डावीकडे दोन रांगांत हत्यारं, फास, पेन्सिल, रंगाची बादली हे सगळं बिल ॲटकिन्सनच्या मॅकपेंटमध्ये १९८४ लाच होतं, आणि त्यातले आयकॉन काढले होते सुझन केअर या चित्रकर्तीने. ही झाली तिसरी पेटी.

गंमत आता येते. १९९० च्या फोटोशॉपमध्ये चॅनेल्स होते, पण लेयर्स नव्हते! आज ज्याच्याशिवाय वाढदिवसाचं बॅनरसुद्धा होत नाही, ते लेयर्स आले १९९४ मध्ये, तिसऱ्या आवृत्तीत. त्याआधी एकदा चिकटवलं की चिकटलं. हिस्ट्री पॅनेल, म्हणजे अनेक पावलं मागे जायची सोय, १९९८ मध्ये पाचव्या आवृत्तीत. तरीही कंट्रोल झेड एकच पाऊल मागे जायचं, पुन्हा दाबलं की पुढे यायचं. आणखी मागे जायला कंट्रोल ऑल्ट झेड. बाकी दुनियेसारखं कंट्रोल झेड व्हायला २०१८ उजाडलं. वीस वर्षं का लागली? कारण लाखो लोकांच्या बोटांना जुनी सवय होती. आमच्या धंद्यात सगळ्यात अवघड काम कोड बदलणं नसतं, लोकांची बोटं बदलणं असतं.

मरोळसारखा इंटरफेस

म्हणून मी म्हणते, फोटोशॉप मरोळसारखं आहे. आमच्याकडे जुनं गावठाण आहे, क्रॉस आहेत, अरुंद गल्ल्या आहेत. त्याच्या कडेने एमआयडीसीचे गाळे आले. १९७३ मध्ये सीप्झ आलं. २०१४ मध्ये डोक्यावरून मेट्रो गेली, २०२४ मध्ये पायाखालून दुसरी. कुणीही एका बैठकीत बसून ‘मरोळ असं असावं’ असं ठरवलेलं नाही. नवीन माणूस नकाशा घेऊन फिरला तर चक्रावतो. पण कुठला भाग कधीचा हे कळलं, की कुठली गल्ली का वळते तेही कळतं.

तसंच इथे. नवीन शिकत असाल तर सत्तर टूल्स पाठ करू नका. आधी पेट्या ओळखा. डॉज, बर्न, क्रॉप, अनशार्प मास्क: डार्करूमची पेटी, हिचा विषय प्रकाश. चॅनेल्स, सीएमवायके, क्विक मास्क: छापखान्याची पेटी, हिचा विषय शाई. ब्रश, बादली, फास: मॅकपेंटची पेटी, हिचा विषय पिक्सेल. लेयर्स नंतर आले आणि या सगळ्यांच्या खाली फरशीसारखे पसरले.

आणि काही केल्या टूल चालत नसेल तर तीन प्रश्न, याच क्रमाने. मी कुठल्या लेयरवर आहे? काही सिलेक्ट राहिलंय का? आत्ता नेमकं कुठलं टूल हातात आहे? नव्या माणसाचे बहुतेक “हँग झालं वाटतं” इथेच सुटतात.

वाढदविसाच्या हार्दकि शुभेच्छा

आता थोडं कडू बोलते. तीन पेट्यांपैकी एकीतही आपली लिपी नव्हती.

हे उपशीर्षक वाचून तुम्हाला टायपो वाटला असेल. पण असे बॅनर तुम्ही नाक्यावर पाहिलेत. ती त्या मुलाची शुद्धलेखनाची चूक नसते. युनिकोडमध्ये ‘दि’ लिहिताना आधी ‘द’ साठवला जातो, मग वेलांटी. दाखवताना मात्र वेलांटी ‘द’च्या आधी काढावी लागते. हे उलटंपालटं करायचं काम सॉफ्टवेअरच्या टेक्स्ट इंजिनचं. फोटोशॉपचं मूळ इंजिन इंग्रजीसारख्या सरळ रांगेतल्या लिपीसाठी लिहिलेलं. त्याला वेलांटी दिसली की ते ती जिथे साठवली तिथेच, म्हणजे नंतर, काढायचं. जोडाक्षरांचंही तेच: पाय मोडून सुटी.

मग आपल्या लोकांनी काय केलं? पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी आणि तसे इतर फॉन्ट वापरले. यात युक्ती अशी, की कॉम्प्युटरला वाटतं इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं टाइप होतायत, फॉन्ट मात्र त्या जागी मराठी आकार दाखवतो. पहिली वेलांटी आधीच टाइप करायची, म्हणजे प्रश्नच मिटला. काम झालं. पण लग्नपत्रिकेतला तोच मजकूर कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकला की अगम्य इंग्रजी अक्षरांचा चिवडा. देवनागरीसाठी इस्की हे भारतीय मानक आणि युनिकोडची पहिली आवृत्ती दोन्ही १९९१ ची. तरीही फोटोशॉपमध्ये सरळ मराठी टाइप करता यायला त्यानंतर दोन दशकं गेली.

नंतर सोय आली. एडिट, मग प्रेफरन्सेस, मग टाइप, तिथे ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ निवडावं लागायचं. आणखी जुन्या आवृत्तीत त्याच जागी ‘मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन’ असा पर्याय दिसायचा. मग नवी फाइल उघडून युनिकोड फॉन्ट घ्यायचा. वेलांटी जागेवर बसायची. सोय तीन मेनू आत पुरलेली होती आणि तिचं नाव वाचून ती मराठीसाठी आहे असा संशयही यायचा नाही. त्या मुलाला मी दाखवलं. त्याने दोन मिनिटं बघितलं, “अरे वा!” म्हणाला, आणि पुन्हा श्रीलिपीकडे वळला. कारण दुकानातली दहा वर्षांची जुनी कामं त्याच फॉन्टमध्ये आहेत आणि गिऱ्हाईक दारात उभं आहे. कंट्रोल झेडची गोष्ट आठवा.

पट्टीच गेली तर?

२०२३ पासून फोटोशॉपमध्ये जनरेटिव्ह फिल आहे. भाग सिलेक्ट करा, चौकटीत लिहा, बाकी मशीन करेल. फोनवरच्या ॲप्समध्ये तर पट्टी जवळपास दिसतच नाही. काही वर्षांनी लॉलिपॉप पूर्ण जाईल, आणि मला त्याचं फार दुःख होणार नाही. पुठ्ठ्याची चकती गेली तेव्हाही फोटो संपले नाहीत.

पण एक हिशोब करा. पट्टी होती तेव्हा फ्लेक्सवाल्या मुलाला इंग्रजी न येताही चाललं, कारण चित्र ओळखून बोट जायचं. आता चौकटीत लिहावं लागणार. ‘चेहऱ्यावरची सावली थोडी उचल, आकाश दाब, कडा नरम ठेव’ असं नेमकं सांगता येणारा माणूस पुढे जाईल. ज्याला फक्त ‘छान कर’ म्हणता येतं, त्याला मशीन जे देईल ते घ्यावं लागेल. आणि हे नेमके शब्द डार्करूमवाल्यांकडे होते, छापखान्यातल्या कारागिरांकडे होते. त्यांनी ते रोजच्या कामातून घडवले होते.

तेव्हा या आठवड्याचा गृहपाठ. तुमच्या ओळखीत जुना फोटो स्टुडिओ किंवा ऑफसेट प्रेस चालवलेले कुणी काका-आजोबा असतील तर त्यांच्याकडे जा. डॉजला, मास्किंगला, रिटचिंगला ते कामावर काय म्हणायचे ते विचारा, आणि फोनवर रेकॉर्ड करून आम्हाला पाठवा. पुढच्या एखाद्या भागात ते सगळे शब्द एकत्र ऐकवू.

तोपर्यंत लेयर तपासा, फाइल सेव्ह करा. भेटूया!